दुर्बिणीतले काय छापावे, काय छापू नये

(प्रस्तावना)

दुर्बिणीच्या आरशाचा पृष्ठभाग ठरलेल्या आकारापासून किती ढळला तर चालेल, हे मिलिमीटरमध्ये सांगत नाहीत. प्रकाशाच्या तरंगलांबीत सांगतात. हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी सुमारे ५५० नॅनोमीटर. तिच्या आठव्या भागाएवढी, म्हणजे साधारण ७० नॅनोमीटरची चूक, ही कामचलाऊ चांगल्या आरशाची मर्यादा समजली जाते. आता घरच्या टेबलावर मावणारा थ्रीडी प्रिंटर घ्या. तो प्लॅस्टिकचा जो एकेक थर टाकतो त्याची नेहमीची जाडी ०.२ मिलिमीटर, म्हणजे दोन लाख नॅनोमीटर. फरक जवळजवळ तीन हजार पटींचा. इतक्या ढोबळ यंत्राचे खगोलशास्त्राच्या उपकरणांत काय काम, हा प्रश्न कोणालाही पडावा. हे पुस्तक त्याच प्रश्नाचे उत्तर आहे, आणि ते प्रस्तावनेतच सांगून टाकायला हरकत नाही.

अतिशय अचूक उपकरणातले बहुतेक भाग अतिशय अचूक नसतात, हे ते उत्तर. अचूकता लागते ती आरशाला, भिंगाला, वर्णपट पसरवणाऱ्या ग्रेटिंगला, प्रकाश आत घेणाऱ्या बारीक फटीला आणि कॅमेऱ्याच्या सेन्सरला. बाकीच्या नळ्या, कड्या, खोबण्या, टेकू, पेट्या आणि झाकणे यांची कामे तीनच: अचूक वस्तूला जागच्या जागी धरायचे, तिला थोडे हलवून जुळवता येईल अशी सोय ठेवायची, आणि नको तो प्रकाश बाहेर अडवायचा. थ्रीडी प्रिंटरने अचूकता स्वस्त केलेली नाही. त्याने अचूक उपकरणातला ढोबळ भाग स्वस्त केला, आणि हौशी माणसाचे घोडे आजवर नेमके तिथेच अडत होते. काच घासून आरसा घरी करता येतो. त्याला चिकाटी लागते, यंत्र लागत नाही. पण त्या आरशाला धरणारी बैठक, कॅमेरा आणि दुर्बीण यांच्या मधली एखादी आडमापाची कडी, फोकसरला मोटर जोडणारा कंस यांसाठी लेथवाल्याच्या दारात उभे राहावे लागे. हजार नगांच्या ऑर्डरवर चालणाऱ्या वर्कशॉपला एका नगाचे काम परवडत नाही, आणि त्यात त्याची चूकही नाही.

अॅडिटिव्ह मॅन्युफॅक्चरिंग हे भारदस्त नाव ज्या पद्धतींना मिळाले आहे, त्या सगळ्यांचे सूत्र एक: वस्तू कोरून काढायची नाही, भर घालत घडवायची. लेथ आणि मिलिंग मशीन नेमके उलट करतात. जेम्स वेब दुर्बिणीच्या १८ षटकोनी आरशांपैकी प्रत्येकाचा बेरिलियमचा ठोकळा सुरुवातीला सुमारे २५० किलोचा होता. मागच्या बाजूने पोखरत पोखरत तो २१ किलोंवर आणला. नव्वद टक्क्यांहून जास्त धातूचा कीस झाला. दुसऱ्या टोकाचे उदाहरण आपल्याकडचे आहे. मे २०२४ मध्ये इस्रोने पीएसएलव्हीच्या चौथ्या टप्प्याचे थ्रीडी प्रिंटिंगने घडवलेले इंजिन ६६५ सेकंद चालवून पाहिले. आधी १४ सुटे भाग जोडून जे होत असे ते एका तुकड्यात आले, वेल्डिंगचे १९ सांधे वाचले, आणि जिथे ५६५ किलो कच्चा माल लागायचा तिथे १३.७ किलो धातूची पूड पुरली. माल वाचला हे तर खरेच; पण सांधा गेला की त्या सांध्याची गळती, त्याची तपासणी आणि त्याची काळजीही जाते. उपकरण बनवणाऱ्याला हा फायदा जास्त मोलाचा.

या तंत्राचा इतिहास चाळीस-पंचेचाळीस वर्षांचा आहे. जपानमध्ये नागोयाला हिदेओ कोदामा यांनी १९८१ मध्ये प्रकाशाने घट्ट होणाऱ्या द्रवातून थराथराने वस्तू घडवण्याची पद्धत प्रसिद्ध केली. अमेरिकेत चक हल यांनी १९८४ मध्ये तशाच पद्धतीच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि तिचा उद्योग उभा केला. वितळलेल्या प्लॅस्टिकची तार ओतणारी पद्धत स्कॉट क्रंप यांची. मेंदीच्या कोनातून नक्षी काढावी तसे तापलेले नोझल बेडवर फिरते आणि एका थरावर दुसरा थर बसत जातो. इंग्लंडमधल्या बाथ विद्यापीठात एड्रियन बोयर यांनी २००५ मध्ये रेपरॅप हा प्रकल्प सुरू केला. स्वतःचे बरेचसे भाग स्वतःच छापू शकेल असा, सगळे आराखडे खुले असलेला प्रिंटर करायचा, हा त्याचा उद्देश होता. २००९ मध्ये क्रंप यांच्या मूळ पेटंटची मुदत संपली आणि हे यंत्र कारखान्यातून घरात आले. आज इंजिनिअरिंग कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये आणि हौशी मंडळींच्या माळ्यावर जो प्रिंटर दिसतो तो याच घराण्यातला. या पुस्तकाचा मोठा भाग त्याच्यासाठी आहे. रेझिनचे प्रिंटर आणि लेझरने धातूची पूड वितळवणारी यंत्रे यांचीही प्रकरणे आहेत, पण ती वेगळ्या खिशाची आणि वेगळ्या शिस्तीची कामे आहेत.

अचूक म्हणजे किती अचूक, याला एकच एक उत्तर नाही. ज्या तरंगांशी गाठ आहे त्यांची लांबी ते ठरवते. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या तबकड्या पाहिलेल्यांना आठवत असेल की त्यांना पत्रा नाही, तारेची जाळी आहे, आणि जाळीची भोके १० ते २० मिलिमीटरची आहेत. प्रकाशाच्या दुर्बिणीत हा विनोद ठरेल. पण हायड्रोजनची प्रसिद्ध रेडिओ-रेषा २१ सेंटिमीटरवर असते. तरंगलांबीचा विसावा भाग धरला तरी एक सेंटिमीटरची चूक खपून जाते. त्यामुळे छोट्या रेडिओ दुर्बिणीचा हॉर्न किंवा फीड घरच्या प्रिंटरवर छापले तर मापाची चिंता जवळपास उरतच नाही. चिंता वेगळीच असते. रेडिओ तरंग प्लॅस्टिकमधून आरपार जातात, म्हणून आतल्या बाजूला धातूचा थर द्यावा लागतो. १,४२० मेगाहर्ट्झला तांब्यातला प्रवाह वरच्या दोनेक मायक्रॉनमध्येच वाहतो, त्यामुळे साधी तांब्याची पट्टी चिकटवली तरी भागते. मात्र पट्ट्यांच्या सांध्यांत विजेचा संपर्क तुटता कामा नये. प्रिंटर तोच, प्लॅस्टिक तेच. प्रकाशाच्या उपकरणात जे मुळीच चालणार नाही ते रेडिओत उत्तम चालते. छापण्याआधी तरंगलांबी विचारायची, हा या पुस्तकाचा पहिला नियम त्यातूनच आला.

प्रकाशाच्या बाबतीत हा नियम कसा लावायचा, हे सांगायला सोलेक्स या सूर्याचे चित्र घेणाऱ्या छोट्या उपकरणाइतके चांगले उदाहरण नाही. पुस्तकातले सर्वांत लांब प्रकरण त्याच्यावर आहे, म्हणून इथे थोडे थांबतो.

सूर्याकडे फिल्टर लावून पांढऱ्या प्रकाशात पाहिले तर डाग दिसतात. हायड्रोजनच्या किंवा कॅल्शियमच्या एकाच रेषेच्या प्रकाशात पाहिले तर त्याच सूर्यावर ज्वाला, काळे तंतू आणि तेजस्वी पट्टे दिसू लागतात. १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत जॉर्ज एलरी हेल आणि फ्रान्समध्ये आंरी देलांद्र यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, असे चित्र घेणारे उपकरण उभे केले: स्पेक्ट्रोहेलिओग्राफ. सूर्याच्या प्रतिमेवर एक बारीक फट ठेवायची. त्या फटीतून येणाऱ्या चिंचोळ्या पट्टीचा वर्णपट पसरायचा. दुसऱ्या फटीने त्यातली हवी ती एकच रेषा उचलायची. मग पहिली फट सूर्यबिंबावरून सावकाश सरकवत नेऊन पट्टीला पट्टी जोडत पूर्ण चित्र तयार करायचे. कोडाइकनालच्या वेधशाळेत विसाव्या शतकाच्या आरंभापासून अशी चित्रे घेतली गेली, आणि शंभर वर्षांहून जुना तो साठा आजही सौर संशोधनात वापरला जातो.

कोडाइकनालशी पुण्याचे एक जुने नाते आहे. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये १८८८ मध्ये भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभी राहिली. तिचे सर्वेसर्वा होते कावसजी दादाभाई नायगमवाला. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाला त्यांचा तळ सोलापूरच्या वाटेवरच्या जेऊरला होता. त्याच दिवशी ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकयर यांचा चमू विजयदुर्गाला होता. नायगमवाला निवृत्त झाल्यावर १९१२ मध्ये पुण्याची वेधशाळा बंद झाली आणि तिची उपकरणे कोडाइकनालला गेली. त्या काळी वर्णपटाचे उपकरण म्हणजे पितळ, ओतीव लोखंड, युरोपातल्या नामांकित कारखान्याला दिलेली ऑर्डर आणि बोटीने येणाऱ्या पेट्या. संस्थानिकाचा किंवा सरकारचा हात डोक्यावर असल्याशिवाय ते शक्य नव्हते.

आता सोलेक्स पाहा. फ्रान्समधले वर्णपटतज्ज्ञ क्रिश्चियन बुइल यांनी २०२१ च्या सुमारास हे उपकरण जगापुढे ठेवले आणि त्याच्या सांगाड्याच्या फाइली खुल्या केल्या. हाताच्या पंजावर मावणारी काळ्या प्लॅस्टिकची पेटी, एका बाजूला दुर्बीण, दुसऱ्या बाजूला कॅमेरा. आत १० मायक्रॉन रुंद आणि साडेचार मिलिमीटर लांब फट, ८० मिलिमीटर आणि १२५ मिलिमीटर फोकल लांबीची दोन भिंगे, आणि मिलिमीटरला २,४०० रेषांचे ग्रेटिंग. प्रिंटरचे नोझल ०.४ मिलिमीटरचे असते, म्हणजे फटीच्या चाळीस पट रुंद. त्यामुळे फट छापायचा प्रश्नच येत नाही. ती काचेवरच्या क्रोमच्या थरात कोरलेली विकत घ्यायची. भिंगे आणि ग्रेटिंगही विकतचे. छापायचा तो सांगाडा.

या सांगाड्याकडून बुइल काय काय मागतात आणि काय मागत नाहीत, हे नीट पाहण्यासारखे आहे. फट ग्रेटिंगच्या रेषांना समांतर बसली पाहिजे. ती नेमकी तशी छापली जाईल असा भरवसा ते ठेवत नाहीत, फट फिरवून जुळवता येईल अशी सोय ठेवतात. हवी ती रेषा सेन्सरवर आणायला ग्रेटिंग हाताने फिरवता येते आणि मग स्क्रूने आवळता येते. दोन्ही भिंगांचे फोकस पुढेमागे करता येते. फटीची लांबी ठरलेली असल्याने दुर्बीणही बेताची निवडायची: ४२० मिलिमीटर फोकल लांबीच्या दुर्बिणीत सूर्याची प्रतिमा सुमारे ३.९ मिलिमीटरची होते, ती फटीत मावते.

सगळ्यात सुंदर भाग वेळेचा आहे. दुर्बिणीचा माग काढणारी मोटर बंद केली की पृथ्वीच्या फिरण्याने सूर्याचे बिंब आपोआप फटीवरून सरकत जाते. बिंब अर्ध्या अंशाचे, आकाश तासाला १५ अंश सरकते, म्हणजे सगळा खेळ दोन मिनिटांत आटोपतो. तेवढ्या वेळात कॅमेरा वर्णपटाचा व्हिडिओ घेतो. हेल यांच्या दुसऱ्या फटीचे काम आता सॉफ्टवेअर करते: प्रत्येक चौकटीतली हव्या त्या रेषेची उभी पट्टी उचलून शेजारी शेजारी लावते. वर्णपटातली रेषा थोडी वाकडी येते, सूर्य लंबगोल येतो. व्हॅलेरी देनू यांनी लिहिलेली इंटी ही आज्ञावली ते सगळे मोजून सरळ करते. प्लॅस्टिकच्या पेटीने फक्त दोन मिनिटे हलू नये, एवढीच काय ती अट उरते. दोन मिनिटे प्लॅस्टिकही गप्प बसते. हीच पेटी ताऱ्याचा वर्णपट घ्यायला वापरली आणि अर्धा तास एक्स्पोजर दिले, तर रात्रीची हवा थंड होत जाताना वर्णपट सेन्सरवर सरकू लागेल. मग आधी आणि नंतर दिव्याच्या ओळखीच्या रेषा टिपून ते सरकणे मोजावे लागते. किती अचूक या प्रश्नाला किती वेळ हा प्रश्न असा जोडलेला असतो.

याच बेताने लहान गोष्टींकडेही पाहता येते. बाख्तिनोव्ह मास्क हा फोकस जुळवण्याचा मुखवटा पावेल बाख्तिनोव्ह या रशियन हौशी छायाचित्रकाराने २००५ मध्ये सुचवला. दुर्बिणीच्या तोंडावर तिरक्या पट्ट्यांची ही तबकडी ठेवली की ताऱ्याभोवती तीन किरण दिसतात, आणि मधला किरण बाकी दोघांच्या बरोबर मध्ये आला की फोकस साधला. पट्ट्यांच्या कडा थोड्या खडबडीत असल्या तरी चालते. म्हणून प्रिंटर घेतलेल्या बहुतेक खगोलप्रेमींची सुरुवात इथूनच होते. याउलट कॅमेऱ्याच्या कडीचे एम४२ आटे घ्या. एका आट्यापासून पुढच्या आट्याचे अंतर ०.७५ मिलिमीटर. ०.२ मिलिमीटरच्या थराने छापायचे तर एका आट्याच्या वाट्याला चार थरही येत नाहीत. असा आटा पहिल्यांदा बसतो, तिसऱ्यांदा अडतो आणि दहाव्यांदा घसरतो, आणि घसरला की कॅमेरा जमिनीवर. अशा वेळी कडीचे अंग छापायचे आणि आट्याची जागा विकतच्या धातूच्या रिंगला सोडायची. हॅडली नावाची, ११४ मिलिमीटर आरशाची आणि ९०० मिलिमीटर फोकल लांबीची जी छापील दुर्बीण जगभर लोकप्रिय झाली, तिचीही अक्कल हीच आहे: आरसा तयार घ्यायचा, ताठपणा धातूच्या सळ्यांकडून घ्यायचा, आणि प्रिंटरने फक्त त्यांना एकमेकांशी जोडायचे. या मापाला गोलाकार आरसा घेतला तरी लहरींतली चूक पाव तरंगलांबीच्या आत राहते, म्हणून तो स्वस्तातही मिळतो.

प्लॅस्टिकचे खरे वैर उष्णतेशी आहे. सर्वांत सोपे म्हणून सगळे जे पीएलए वापरतात, ते ६० अंश सेल्सियसच्या आसपास मऊ पडू लागते. एप्रिलच्या दुपारी सूर्याकडे रोखलेली काळी पेटी, किंवा काचा बंद करून उन्हात उभी केलेली गाडी, हे तापमान सहज गाठते. स्क्रूने आवळलेला भाग तर त्याच्याही आधी दबून बसतो, कारण सततच्या दाबाखाली प्लॅस्टिक हळूहळू सरकत राहते. पीईटीजी साधारण ८० अंशांपर्यंत टिकते. एबीएस आणि एएसए १०० च्या आसपास, आणि एएसएला ऊनही कमी लागते. आपल्या हवेत सौर उपकरण करायचे तर शेवटचे दोन पर्यायच विचारात घ्यावेत.

मऊ पडण्याआधीही प्लॅस्टिक फुगते-आकसते. पीएलएचा १०० मिलिमीटरचा तुकडा तापमान १० अंशांनी बदलले की सुमारे ७० मायक्रॉनने बदलतो. अॅल्युमिनियमचा २३ मायक्रॉनने, इन्व्हार या मिश्रधातूचा जेमतेम एका मायक्रॉनने. एफ/५ च्या दुर्बिणीत फोकसची सूट सुमारे ५५ मायक्रॉनची असते. म्हणजे संध्याकाळी सातला नीट जुळवलेले फोकस मध्यरात्री बिघडलेले असायला हातभर प्लॅस्टिकची नळीही लागत नाही, वीतभर पुरते. मोटरचा फोकसर असेल तर हे चालवून घेता येते. नसेल तर लांबीचा भाग धातूचा किंवा कार्बन फायबरचा ठेवावा आणि प्लॅस्टिक त्याच्या टोकांना.

दुसरी फसवणूक प्रकाशाची. काळे दिसते ते काळे असतेच असे नाही. पातळ छापलेल्या भिंतीतून प्रकाश झिरपतो; अनेक काळी प्लॅस्टिके डोळ्याला काळी पण जवळच्या अवरक्त प्रकाशाला बऱ्यापैकी पारदर्शक असतात, आणि आजचे सेन्सर १,००० नॅनोमीटरपर्यंत पाहू शकतात. थरांच्या रेघा तिरक्या प्रकाशात चमकतात. यावर उपाय साधे आहेत: भिंत जाड ठेवा, बाहेरून अॅल्युमिनियमची पट्टी लावा, आतून मॅट काळा रंग द्या, आणि अंधाऱ्या खोलीत टॉर्च घेऊन कॅमेऱ्यानेच गळती शोधा. एका बाबतीत मात्र सवलत नाही. दुर्बिणीच्या तोंडावर बसणारा सौर फिल्टरचा साचा छापायचा असेल, तर तो वाऱ्याने किंवा धक्क्याने निघणार नाही अशी स्क्रूची अडवणूक हवीच. तिथे चूक झाली तर डोळा जातो. शाळेच्या मुलांसमोर वापरायची दुर्बीण असेल तर फिल्टर विकतचाच घ्यावा, असा या पुस्तकाचा स्पष्ट सल्ला आहे.

व्यावसायिक खगोलशास्त्रातही आता धातूची पूड शिरली आहे. मंगळावर फेब्रुवारी २०२१ मध्ये उतरलेल्या पर्सिव्हरन्स गाडीत थ्रीडी प्रिंटिंगने घडवलेले अकरा धातूचे भाग आहेत. त्यांतले पाच पिक्सल या क्ष-किरण उपकरणात: टायटॅनियमचे दोन तुकड्यांचे कवच, बसवण्याची चौकट आणि दोन आधारदांड्या. हे उपकरण यांत्रिक हाताच्या टोकाला असते, तिथे ग्रॅमाग्रॅमचा हिशेब लागतो. नेहमीच्या पद्धतीने केले असते तर हे भाग तीन-चार पट जड झाले असते. उरलेले सहा मॉक्सी या ऑक्सिजन बनवणाऱ्या उपकरणातले उष्णता-विनिमयक. त्याआधी २०१२ मध्ये उतरलेल्या क्युरिऑसिटीत एक छापील सिरॅमिकचा भाग होता.

आणि मग आरसा. सुरुवातीला जो तीन हजार पटींचा फरक सांगितला, तो ओलांडण्याचे प्रयत्नही चालू आहेत, पण वेगळ्या वाटेने. एडिंबरा येथील यूके अॅस्ट्रॉनॉमी टेक्नॉलॉजी सेंटर आणि युरोपातल्या इतर संस्थांनी ऑप्टिकॉन या प्रकल्पात हे काम हाती घेतले आणि इतर उपकरणकारांसाठी त्याची एक पाककृतीसारखी पुस्तिकाही काढली. त्या कामात कॅरोलिन अॅटकिन्स यांचे नाव पुढे आहे. कल्पना अशी: अॅल्युमिनियम-सिलिकॉनच्या मिश्रधातूतून आरशाचे अंग छापायचे, आत मधमाशांच्या पोळ्याहून गुंतागुंतीची जाळी, बाहेरून सगळीकडून बंद. अशी आतली जाळी कोणतेही मिलिंग मशीन कोरू शकत नाही, कारण हत्यार आत शिरणार कुठून? छापून झाल्यावर पुढचा पृष्ठभाग हिऱ्याच्या हत्याराने लेथवर कातून आरशाइतका गुळगुळीत करायचा. म्हणजे इथेही प्रिंटर अचूकता देत नाही. तो आकार देतो, अचूकता जुन्या खानदानी यंत्राकडूनच येते. अडचणी आहेत: धातूत राहिलेली बारीक छिद्रे कातल्यावर उघडी पडून प्रकाश विखुरतात, म्हणून वर निकेलचा थर देऊन पॉलिश करण्याचा मार्ग अवलंबावा लागतो; आणि जाळीत अडकलेली पूड बाहेर काढायला भोके ठेवावीच लागतात. अवकाशात जाणाऱ्या प्लॅस्टिकची परीक्षा तर आणखी कडक. निर्वातात तापवल्यावर त्याचे एक टक्क्याहून जास्त वजन उडता कामा नये, आणि मूळ वजनाच्या ०.१ टक्क्याहून जास्त भाग थंड पृष्ठभागावर जमता कामा नये. घरच्या प्रिंटरवरच्या तारा या परीक्षेला बसवायच्या नसतात.

हे सगळे मराठीत लिहिण्यामागचा हिशेब व्यवहाराचा आहे. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून आहे, मुंबईचे खगोल मंडळ १९८५ पासून. वांगणीच्या माळावर रात्री जागवलेली एक पिढी आता पन्नाशीत आहे आणि तिच्या मागची पिढी प्रिंटरसकट आली आहे. आरसा घासण्याची परंपराही आपल्याकडे आहे. तालुक्याच्या गावातल्या आयटीआयमध्ये टॅप आणि डाय नीट चालवणारी मुले आहेत. या तिघांची गाठ फारशी पडत नाही. प्रिंटरवाल्या मुलाला वाटते की आता लेथची गरज संपली. टर्नरला वाटते की प्लॅस्टिकची खेळणी. दोघेही निम्मे बरोबर आहेत. बेअरिंग जिथे बसायचे ते भोक छापून मग रीमरने साफ करावे लागते. धातूची बुशिंग प्लॅस्टिकमध्ये ठोकावी लागते. आकार प्रिंटरचा, मोक्याच्या दोन जागा फिटरच्या हातच्या, अशी कामाची वाटणी केली तर उपकरण टिकते. पुस्तकातल्या प्रत्येक आराखड्यात अशा जागा लाल रंगाने दाखवल्या आहेत.

मांडणीबद्दल दोन शब्द. पहिल्या भागात मोजमाप आहे: तरंगलांबी, फोकसची सूट, तापमान, लवचिकता. कंटाळा आला तरी तो वगळू नये. दुसऱ्या भागात लहान वस्तू: मुखवटे, दवरोधक नळ्या, कंस, कड्या. तिसऱ्यात पूर्ण उपकरणे: लहान परावर्तक दुर्बीण, सोलेक्सच्या धर्तीवरचा सौर वर्णपटदर्शक, २१ सेंटिमीटरचा रेडिओ हॉर्न. चौथ्यात धातू आणि व्यावसायिक उपकरणे, ज्यांना पुढे याच क्षेत्रात काम करायचे आहे त्यांच्यासाठी. प्रिंटर कसा जुळवायचा, बेड सपाट कसा करायचा, यावर पाने खर्च केलेली नाहीत. ते शिकवणारे खूप आहेत.

एक पद्धत मात्र सगळ्या प्रकरणांतून चालवली आहे, आणि ती वाचकानेही उचलावी. कोणताही भाग छापायला घेण्याआधी कागदावर त्याच्या नावापुढे तीन आकडे लिहायचे. हा भाग किती हलला तर चालेल, किती तापेल, आणि किती वेळ स्थिर राहिला पाहिजे. तिन्ही आकडे लिहिता आले की कोणते प्लॅस्टिक, किती जाडी, कुठे धातू, हे बहुतेक वेळा आपोआप ठरते. काही वेळा हा भाग छापायचाच नाही, हेही ठरते. लिहिता येत नसतील तर आधी ते शोधावेत. त्या कामाला प्रिंटर लागत नाही.